खेळात चपळ, वाचनात अडलेला

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर सीफर्ड नावाचं एक लहान गाव आहे. तिथले डॉक्टर डब्ल्यू. प्रिंगल मॉर्गन यांनी नोव्हेंबर 1896 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये 14 वर्षांच्या एका मुलाची हकिगत छापली. पर्सी हे त्याचं नाव. सातव्या वर्षापासून शिक्षकांनी जिवाचं रान केलं, तरी त्याला वाचता येईना. स्वतःचं नाव लिहिताना त्यानं मधली अक्षरं मागेपुढे केली आणि ती चूक दाखवून दिल्यावरही त्याच्या पटकन लक्षात येईना. त्याच मुलाला 749 गुणिले 867 हा गुणाकार दिला, तर त्यानं तो भरभर आणि अचूक सोडवला. सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असं त्याच्या शिक्षकाचं म्हणणं होतं.

डिस्लेक्सियावरची कितीतरी पुस्तकं पर्सीपासून सुरू होतात. हेही तसंच सुरू होतं आहे; पण मला थांबवलं ते त्या टिपणातल्या एका साध्या नोंदीनं. हा मुलगा खेळात चपळ आहे, असं डॉक्टरांनी सुरुवातीलाच लिहिलं आहे. लिहिलं आणि ते पुढे गेले. तो काय खेळायचा, चपळ म्हणजे नेमकं काय करायचा, हे विचारायचं त्यांना कारण नव्हतं; त्यांच्यापुढचा प्रश्न वाचनाचा होता. पुढे शंभराहून अधिक वर्षं संशोधनाचा ओघ त्याच दिशेनं राहिला. ही मुलं कुठे अडतात ते बारकाईनं मोजलं गेलं. कुठे अडत नाहीत, ते बहुधा एका ओळीत आटोपलं.

मी विशेष शिक्षिका आहे. कोल्हापुरात वाचन-लेखनात अडणाऱ्या मुलांना शिकवते. फुटबॉल इथल्या पेठापेठांत भिनलेला असला, तरी माझा त्याच्याशी संबंध रस्त्यानं जाताना कानावर पडणाऱ्या आरोळ्यांपुरताच होता. ‘‘मॅडम, रविवारी मॅच हाय, या की,’’ असं माझा एक विद्यार्थी सलग तीन आठवडे म्हणत राहिला, म्हणून मी गेले. वर्गात एक परिच्छेद वाचताना घामाघूम होणारा हा मुलगा मैदानावर डाव्या बाजूला बचाव सांभाळत होता, मागच्यांना हाका देत होता, पुढच्यांना हातानं जागा दाखवत होता. मी त्याला इतका मोकळा कधी पाहिला नव्हता.

काही दिवसांनी त्यांच्या प्रशिक्षकांनी सामन्याच्या नोंदी ठेवायला मदत मागितली. मी शिक्षिकेच्या सवयीनं एक कागद तयार केला. सामना संपल्यावर प्रत्येक खेळाडूनं तो भरायचा: चेंडू कुठे गमावला, का गमावला, पुढच्या वेळी काय करशील. या मुलाच्या कागदावर नाव, तारीख आणि ‘पास चूकला’ एवढंच होतं. प्रशिक्षकांनी कागद पाहिला आणि म्हणाले, ‘‘पोरगा पळतोय चांगला, पण डोकं लावत नाही.’’ डिस्लेक्सियाच्या मुलांबरोबर रोज बसणारी मी, आणि तो कागद मीच बनवला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोबाइलवर घेतलेलं चित्रण मी त्याच्यापुढे ठेवलं. संघानं गोल खाल्ला, त्याच्या वीसेक सेकंद आधी त्यानं चित्र थांबवलं. ‘‘मॅडम, हे बघा. त्यांचा सात नंबर आत सरकला, म्हणून मी बी त्याच्यामागं आत आलो. माझ्या पाठीमागं जागा मोकळी ऱ्हायली. आता तिथनं त्यांचा राइटबॅक येतोय बघा.’’ राइटबॅक तेव्हा चित्राच्या चौकटीतही नव्हता. मी चित्र पुढे नेलं आणि तो आला. अर्ध्या तासात या मुलानं असे सात प्रसंग उलगडून दाखवले. प्रत्येकात काय घडलं, ते का घडलं आणि त्याऐवजी काय करायला हवं होतं, हे तिन्ही होतं. माझ्या कागदानं हेच तीन प्रश्न विचारले होते.

हे पुस्तक त्या अर्ध्या तासातून उभं राहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात सांगायचं तर असं: खेळाडूचा खेळ तपासायचा आणि ती तपासणी अक्षरांतूनच घ्यायची-द्यायची, तर आपण त्याचा खेळ मोजत नाही, त्याचं वाचन-लेखन मोजतो. हे समजून घ्यायला दोन अभ्यासशाखांची ओळख लागते. एक डिस्लेक्सियाच्या संशोधनाची, दुसरी फुटबॉलमधल्या कामगिरीच्या विश्लेषणाची. दोघी शेजारीशेजारी वाढल्या; एकमेकींचं दार मात्र त्यांनी क्वचितच वाजवलं.

आधी डिस्लेक्सिया. जर्मन नेत्रतज्ज्ञ रुडोल्फ बर्लिन यांनी हा शब्द 1880 च्या दशकात रूढ केला. त्या काळात या अडचणीला ‘शब्दांधळेपणा’ही म्हणत. नावातच आंधळेपणा आल्यामुळे दोष डोळ्यांत शोधला गेला आणि ‘अक्षरं उलटी दिसतात’ ही समजूत अजूनही घरोघरी टिकून आहे. वाचताना या मुलांचे डोळे अडखळतात, मागे परततात, हे खरं. पण बहुतेक वेळा शब्द उमगत नाही म्हणून ते अडखळतात. गेल्या चार-पाच दशकांच्या संशोधनाचा सर्वांत भक्कम निष्कर्ष असा, की मूळ अडचण बहुतांशी बोलीतले ध्वनी सुटे करण्यात आणि ते अक्षरांशी जोडण्यात असते. ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरतं, हा प्रश्न सहा-सात वर्षांच्या बऱ्याच मुलांना गंमत वाटतो. या मुलांना तो डोंगर वाटतो. त्याच्या जोडीला दोन गोष्टी वारंवार दिसतात: ऐकलेले शब्द थोडा वेळ मनात धरून ठेवणं जड जातं आणि ओळखीच्या वस्तूंची नावं झटपट घेताना वेग पडतो. वेल्समधल्या बँगर विद्यापीठात टिम माइल्स यांनी तयार केलेल्या चाचणीत महिन्यांची नावं उलट क्रमानं म्हणणं, पाढे म्हणणं, अंकांची मालिका उलटी सांगणं आणि डावं-उजवं ओळखणं येतं, ते उगाच नाही. बुद्धीच्या कमी-जास्तपणाशी या अडचणींचा संबंध नाही.

आपण ‘खेळ वाचणं’ असा शब्दप्रयोग सहज करतो. पण पुस्तकाचं वाचन आणि मैदानाचं वाचन ही दोन वेगळी कामं आहेत. पुस्तकात खुणेपासून आवाजाकडे जावं लागतं. मैदानावर मोकळ्या जागेपासून थेट हालचालीकडे जावं लागतं. मध्ये आवाज जोडायचा नसतो. म्हणून पहिल्यात अडणारा दुसऱ्यात सहज असू शकतो. तो तसा असतोच, असं मात्र म्हणता येत नाही, आणि इथे मला वाचकाला सावध करायचं आहे.

शेफिल्डच्या रॉड निकलसन आणि अँजेला फॉसेट यांनी 1990 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. डिस्लेक्सिया असलेली मुलं नुसती तोल सांभाळत उभी असताना इतरांइतकीच स्थिर होती. त्याच वेळी त्यांना मोजदादीसारखं दुसरं काम दिलं, की ती डगमगत. त्यावरून, या मुलांना कोणतंच कौशल्य पुरतं अंगवळणी पडायला वेळ लागतो आणि त्यामागे लहान मेंदूच्या कामातला दोष असावा, असा सिद्धान्त मांडला गेला. फुटबॉल म्हणजे तर एकाच वेळी दोन-तीन कामं! मग या मुलांनी खेळूच नये की काय? पुढे 2003 मध्ये फ्रांक रामू, एलिझाबेथ पिजन आणि उटा फ्रिथ यांनी पुन्हा तपासलं, तेव्हा शारीरिक हालचालींतल्या अशा अडचणी डिस्लेक्सियाच्या सगळ्या मुलांत नव्हे, त्यांच्यातल्या एका गटात आढळल्या. तेव्हा ‘याला वाचता येत नाही, म्हणजे हा अंगानंही अवघडलेला असणार’ हे अनुमान टिकत नाही.

उलट टोकाचं अनुमानही टिकत नाही. 2003 मध्येच कॅथरिन फॉन कारोयी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की प्रत्यक्षात बांधताच येणार नाहीत अशा आकृत्या ओळखण्यात डिस्लेक्सियाची माणसं अधिक जलद होती आणि अचूकतेत कमी नव्हती. तेवढ्यावरून ‘अशा माणसांना सगळं एका नजरेत दिसतं’ हे वाक्य जगभर पसरलं. 2018 मध्ये रिबेका चेंबरलेन आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र घेऊन हिशेब मांडला, तेव्हा अवकाशीय क्षमतेची सरासरी डिस्लेक्सियाच्या गटात किंचित खालीच निघाली. गटातली तफावत मात्र जास्त होती. म्हणजे काही जण खूप वर, काही खूप खाली. तुमच्यासमोरचा मुलगा त्यात कुठे आहे, हे कोणताही सिद्धान्त सांगणार नाही. त्याच्याकडेच बघावं लागेल.

आता दुसरी शाखा. 18 मार्च 1950 रोजी स्विंडन टाउन आणि ब्रिस्टल रोव्हर्स यांचा सामना चालू होता. प्रेक्षकांत शाही वायुदलातले हिशेबाधिकारी चार्ल्स रीप बसले होते. त्यांच्या मनासारखा खेळ होईना. मध्यंतरानंतर त्यांनी खिशातून वही-पेन्सिल काढली आणि प्रत्येक चढाई खुणांनी टिपायला सुरुवात केली. पुढे कितीतरी वर्षं त्यांनी सामन्यामागून सामने असे टिपले. 1968 मध्ये संख्याशास्त्रज्ञ बर्नार्ड बेंजामिन यांच्यासह त्यांनी ‘रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटी’च्या नियतकालिकात निबंध छापला. बहुसंख्य गोल तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चढाईतून होतात, असं त्यांना आढळलं होतं. त्यातून इंग्लंडमध्ये चेंडू लांब आणि लवकर पुढे टाकण्याच्या खेळाला मोठं बळ मिळालं.

रीप यांनी गोल मोजले, ते बरोबरच मोजले. पण फुटबॉलमध्ये छोट्या चढायाच मुळात किती जास्त असतात, हे त्या निष्कर्षातून निसटलं. माइक ह्यूज आणि इयन फ्रँक्स यांनी 1990 आणि 1994 च्या विश्वचषकांची आकडेवारी घेऊन 2005 मध्ये भागाकार करून पाहिला: किती चढायांमागे किती गोल? तेव्हा चित्र पालटलं आणि पासांच्या लांब साखळ्याही फलदायी दिसू लागल्या.

हा भागाकार मला या पुस्तकातला सर्वांत महत्त्वाचा धडा वाटतो, कारण डिस्लेक्सियाबद्दल बोलताना आपण रीप यांचीच चूक करतो. यशस्वी माणसांच्या याद्या काढतो. स्कॉटलंडकडून खेळलेल्या स्टीव्हन नेस्मिथ यांनी आपल्या डिस्लेक्सियाबद्दल जाहीरपणे बोलून, ‘डिस्लेक्सिया स्कॉटलंड’ या संस्थेचे दूत होऊन कितीतरी मुलांना धीर दिला, याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण अशा चार-सहा नावांवरून ‘डिस्लेक्सिया ही देणगी आहे’ असं म्हणणं म्हणजे गोल मोजून चढाया विसरणं. ज्यांना कुणी ओळखलंच नाही, ‘डोकं लावत नाही’ म्हणून जे संघातून गळाले, ते त्या यादीत येणार कुठून?

विश्लेषणाच्या शाखेनं आणखी एक गोष्ट दाखवून दिली. फ्रँक्स आणि गॅरी मिलर यांनी 1986 मध्ये नवशिक्या प्रशिक्षकांना आंतरराष्ट्रीय सामन्याचा एक अर्धा भाग दाखवला आणि नंतर त्यातल्या महत्त्वाच्या घटना विचारल्या. निम्म्याहून कमी बरोबर आठवल्या. पुढे 2008 च्या एका अभ्यासात प्रशिक्षित, प्रमाणपत्रधारक प्रशिक्षकांचं प्रमाण साधारण 59 टक्के निघालं. चित्रण, नोंदी, संगणकावरची बटणं हा सगळा पसारा उभा राहिला तो या विस्मरणावर उपाय म्हणून. माणसाच्या स्मृतीला मर्यादा आहेत हे मान्य करून आपण प्रशिक्षकाच्या हाती साधन दिलं.

आता मध्यंतरात घामेजलेल्या मुलाकडे बघा. प्रशिक्षक एका दमात सांगतात: डावीकडून आत घे, सहा नंबरला सोडू नको, कॉर्नरला पहिल्या खांबापाशी थांब, उगाच मागे पास देऊ नको, पहिली दहा मिनिटं दाबून खेळ. ज्याला ऐकलेले शब्द मनात धरून ठेवणं जड जातं, त्याच्या हाती पाचातल्या दोन सूचना लागतात. मग मैदानाबाहेरून आवाज येतो, ‘‘सांगितलेलं ऐकत नाही!’’ प्रशिक्षक निम्मा सामना विसरले, तर त्यांना कॅमेरा मिळाला. मुलगा निम्म्या सूचना विसरला, तर त्याला बोलणी मिळाली. दोघांची अडचण एकाच जातीची आहे. वागणूक मात्र वेगळी.

उपाय अवघड नाहीत आणि बहुतेक सगळ्याच मुलांना उपयोगी आहेत. एका वेळी एकच सूचना द्यावी. ती फळ्यावर चुंबकाच्या सोंगट्या सरकवून दाखवावी आणि मुलाला सोंगट्या सरकवत परत सांगायला लावावी. डावं-उजवं गोंधळात टाकत असेल, तर ‘झाडाची बाजू’ आणि ‘गॅलरीची बाजू’ म्हणावं. मध्यंतरानंतर टोकं बदलली तरी झाड जागचं हलत नाही. लेखी अहवालाऐवजी चित्रणाचे छोटे तुकडे द्यावेत आणि उत्तर आवाजात घ्यावं. विश्लेषणाच्या कामात डिस्लेक्सियाचे तरुणही आहेत, त्यांच्यासाठी नोंदीच्या बटणांवर लांब नावांऐवजी रंग आणि चिन्हं ठेवावीत.

काही कौशल्यं तर खेळाडूला एक अक्षरही न लिहायला लावता मोजता येतात. नॉर्वेचे संशोधक गेइर योर्डेट यांनी इंग्लिश प्रीमियर लीगमधल्या 118 खेळाडूंचं चित्रण तपासलं. पास पायाशी येण्याआधी खेळाडू चेंडूवरची नजर काढून, मान वळवून किती वेळा आजूबाजूला बघतो, एवढंच त्यांनी मोजलं. जे जास्त वेळा बघतात त्यांचे पुढे दिलेले पास जास्त यशस्वी होतात, असं आढळलं. माझ्या विद्यार्थ्याचं चित्रण मी या नजरेनं पुन्हा पाहिलं. त्याची मान सतत फिरत होती. ‘डोकं लावत नाही’ या शेऱ्याला दिलेलं उत्तर आधीपासून चित्रणात होतं. आम्ही ते कागदावर शोधत होतो.

इंग्लंडमध्ये 2012 पासून व्यावसायिक क्लबांच्या अकादम्यांसाठी नवी योजना लागू झाली आणि कामगिरीचं विश्लेषण हा किशोर खेळाडूंच्या रोजच्या शिक्षणाचा भाग झाला. नऊ-दहा वर्षांची मुलं आपल्या खेळाचं चित्रण पाहतात आणि त्यावर बोलतात. ही चांगली गोष्ट आहे. पण विश्लेषण जितकं वाढेल, तितकी त्यातली अक्षरंही वाढतात: तक्ते, शेरे, स्वतःचं मूल्यमापन. शाळेतून सुटून जे मूल मैदानात मोकळं व्हायचं, त्याच्यामागे शाळा मैदानापर्यंत येऊ शकते. या धोक्याकडे वेळीच लक्ष द्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

मराठी वाचकांसाठी यात एक वेगळा पदर आहे. इंग्रजीत अक्षर आणि उच्चार यांचा मेळ सैल असल्यामुळे डिस्लेक्सिया लवकर नजरेत येतो. इटालियन, जर्मन यांसारख्या नियमित लेखनाच्या भाषांत तो चुकांपेक्षा संथपणातून जास्त दिसतो, असं संशोधन सांगतं. देवनागरीही बरीच नियमित. आपलं मूल पुष्कळदा बरोबर वाचतं, पण एकेक अक्षर लावत, दमत वाचतं. जोडाक्षरं, रफार, ऱ्हस्व-दीर्घ यांत अडतं, आणि घरी-दारी ‘आळशी’ ठरतं. महाराष्ट्र शासनानं 1996 मध्येच अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं 2015 मध्ये भारतीय भाषांसाठी तयार केलेल्या चाचणीत मराठीचा समावेश आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेला स्थान मिळालं. परीक्षेच्या दालनापर्यंत आपण पोहोचलो आहोत. मैदानापर्यंत अजून जायचं आहे.

पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिल्यात डिस्लेक्सियाच्या संशोधनाचा पर्सीपासून आजपर्यंतचा प्रवास आहे. त्यात पडलेल्या सिद्धान्तांनाही मी जागा दिली आहे, कारण ते का पडले हे कळल्याशिवाय उरलेल्यांवर विश्वास बसत नाही. दुसऱ्या भागात रीप यांच्या वहीपासून आजच्या चित्रणापर्यंतचं विश्लेषण आहे, आणि दोन निरीक्षकांनी एकच सामना टिपला तर नोंदी जुळतात का, हे कसं तपासायचं तेही आहे. तिसरा भाग प्रशिक्षक, शिक्षक आणि पालक यांच्या हाताशी असावा असा आहे: मध्यंतर, फळा, चित्रणाची बैठक, घरी न्यायच्या सूचना. घाईत असाल तर तिसऱ्यापासून सुरुवात करा. प्रश्न पडतील तसे मागे या.

ज्या मुलांनी मला आपले सामने दाखवले, थांबवून थांबवून समजावले, ती या पुस्तकाची खरी शिक्षक आहेत. त्यांच्या प्रशिक्षकांचीही मी ऋणी आहे. ‘डोकं लावत नाही’ म्हणणाऱ्या त्याच प्रशिक्षकांनी ते सात प्रसंग शेजारी बसून पूर्ण ऐकले आणि पुढच्या रविवारी बचावाच्या रांगेला हाका देण्याचं काम त्या मुलाकडे सोपवलं. माझा तो कागद आता वापरात नाही. सामना संपला, की मुलं पाण्याच्या पिंपाशी गोळा होतात, एक जण मोबाइल धरतो आणि ज्याची पाळी असेल तो चित्र थांबवून बोलू लागतो.